भीड मोडण्याचा इतिहास

पाथर्डीत बर्फ दिसतो तो रसवंतीवर, गोळेवाल्याच्या गाड्यावर, नाहीतर लग्नसराईत थंड पाण्याच्या पिंपात. तरीही तालुक्यात कुठलंही प्रशिक्षण असो, बचतगटांचं, अंगणवाडीताईंचं किंवा नव्याने निवडून आलेल्या ग्रामपंचायत सदस्यांचं, वेळापत्रकात पहिल्या अर्ध्या तासासमोर 'आइसब्रेकर' असंच छापलेलं असतं. मी गेली काही वर्षं अशी प्रशिक्षणं घेते. मोबाइलवर शोधलं की खेळांचा ढीग समोर येतो. पावसाच्या टाळ्या, नावाला विशेषण, 'बोट बुडाली, तिघातिघांचे गट करा', दोरीचं जाळं. खेळ छान आहेत. हशा होतो, अंग मोकळं होतं, पेंगणारे जागे होतात. मीही तेच खेळ घेते. पण हे खेळ घ्यायची पद्धत आली कुठून, आणि आपल्याकडे खेळासाठी माणसं पहिल्यांदा एका गोलात बसली ती कशी, हे शोधायला लागले तेव्हा जो इतिहास हाती आला, तो फारसा गमतीचा नव्हता.

बर्फ नव्हे, भीड

आधी शब्दाचं बघू. 'आइसब्रेकर'ला मराठी शब्द नाही असं प्रशिक्षक मंडळी म्हणतात. मला ते पटत नाही. आपल्याकडे भीड मोडते, भीड चेपते. माणूस भिडस्त असतो, कुणी भीडभाड न ठेवता बोलतो. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण तर घरोघरी ऐकलेली असते.

बर्फ आणि भीड यांत मोठा फरक आहे. बर्फ सगळ्यांवर सारखा पडतो. अनोळखी माणसं एका खोलीत आली, सगळ्यांनाच थोडं अवघडल्यासारखं झालं, एक खेळ घेतला, बर्फ वितळला. भिडेचं तसं नाही. ती खालून वर जाते. सून सासूची भीड बाळगते, सासू सुनेची नाही. सालगडी मालकाची बाळगतो. उपसरपंच बाई ग्रामसेवकाची, आणि कधी कधी स्वतःच्याच नवऱ्याची बाळगते, कारण सभेला खुर्चीवर तोच येऊन बसलेला असतो. म्हणून आपल्याकडे 'भीड कशी मोडायची' याआधी 'कुणाची, आणि कुणापुढची' हे विचारावं लागतं.

दुसरी अडचण ओळखीची. 'चला, आपली ओळख करून देऊ या' हे वाक्य निरागस वाटतं. पण आमच्याकडे माणसाने आडनाव आणि गाव सांगितलं की समोरच्याच्या डोक्यात तिसरी गोष्ट आपोआप जुळते. जात विचारावी लागत नाही. 'तुम्ही कुठले? कुणाच्यातले?' या दोन प्रश्नांत काम होतं. म्हणजे जो खेळ माणसं जवळ आणण्यासाठी घ्यायचा, त्याच्या पहिल्याच फेरीत खोलीतल्या रेषा ठळक होतात. पाच मिनिटांपूर्वी जे शेजारी बसले होते, ते आता नीट माहिती घेऊन शेजारी बसलेले असतात.

आपले जुने खेळ

भीड मोडायची साधनं आपल्याकडे आधीपासून होती. उखाणा घ्या. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही ही भीड, आणि उखाणा म्हणजे समाजानेच त्या भिडेला ठेवलेली खिडकी. नवी नवरी चार बायकांत लाजत यमक जुळवते, सगळ्या हसतात, आणि ती त्या घरात थोडी मिसळते. मंगळागौरीच्या झिम्मा-फुगडीचंही तेच. रात्रभर धिंगाणा घालायची परवानगी. पण उखाण्यात बाई नाव घेते ते नवऱ्याचं. तिचं स्वतःचं नाव त्या खेळात कुणी विचारत नाही. आणि मंगळागौरीला कुणाला बोलवायचं, कुणाला नाही, हे आधीच ठरलेलं असे.

वारीत तर त्याहून मोठी युक्ती आहे. तिथे नाव, आडनाव, गाव, वय सगळं बाजूला. प्रत्येक जण 'माऊली'. म्हातारा तरुणाच्या पाया पडतो. अनोळखी लोकांच्या एवढ्या मोठ्या जमावाला चालतं-बोलतं ठेवणारी इतकी सोपी कल्पना मला दुसरी माहीत नाही. तरीसुद्धा इरावती कर्वे वारीला गेल्या तेव्हा त्यांना काय दिसलं, ते त्यांनी 'वाटचाल' या लेखात लिहून ठेवलं आहे. दिंडीत ब्राह्मण आणि मराठा बायका बरोबर चालत, बरोबर गात, पण पंगती वेगळ्या बसत. आणि शेकडो वर्षं चालत आलेल्या दलित वारकऱ्यांना पंढरपूरच्या मंदिराचा दरवाजा बंद होता. तो उघडावा म्हणून साने गुरुजींना १ ते १० मे १९४७ असं दहा दिवसांचं उपोषण करावं लागलं.

आमच्या तालुक्यात मढीला कानिफनाथांची यात्रा भरते, होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत. भटक्यांची पंढरी म्हणतात तिला. दूरदूरच्या भटक्या जमाती तिथे एकत्र येत, गाढवांचा बाजार भरे, सोयरिकी जुळत. आणि त्याच गडाखाली ज्याच्या त्याच्या जातपंचायती बसून आपापल्या लोकांचे निवाडे करत. गर्दी एक, न्याय वेगवेगळे.

हे जुने खेळ खोटे नव्हते. ते माणसाला तेवढ्यापुरतं मोकळं करत. खेळ संपला की जो तो आपल्या जागी. रोजच्या जगण्यात जागा बदलायच्या, तर नुसत्या खेळाने भागणार नव्हतं.

एकाच चुलीवरचं जेवण

ते ज्यांनी ओळखलं त्यांत कर्मवीर भाऊराव पाटील पहिल्या रांगेत आहेत. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, सगळ्या जातीधर्मांची मुलं एका छताखाली. मुलं मिळूनच स्वयंपाक करायची, एका पंगतीला जेवायची. पैसे संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाचं 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असं नामकरण झालं.

एखाद्या प्रशिक्षणार्थीला मी हे सांगते तेव्हा तो विचारतो, 'मॅडम, यात आइसब्रेकर कुठला?' यात वेगळा अर्धा तास नाहीच. तिथे रोजची भाकरीच ते काम करत होती. ज्याच्या हातची भाकरी खायची नाही असं घरी शिकवलं, त्याच्या हातची रोज खाल्ली की काही महिन्यांनी ती गोष्ट मुलाच्या लक्षातही राहत नाही.

४ जून १९४१ ला पुण्यात राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली आणि एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. सेवा दलाने मैदान घेतलं. संध्याकाळी शाखेवर वेगवेगळ्या जातींची मुलं-मुली एकत्र खेळायची, गाणी म्हणायची. मुलींनी मुलांबरोबर मैदानात उतरणं हेच तेव्हा मोठं होतं. खेळताना हात धरावा लागतो, पकडावं लागतं, घाम एकमेकांना लागतो. शिवाशीव पाळणाऱ्या समाजात हुतूतूचा एक डाव काय करतो, हे भाषणाने समजावता येत नाही. पुढे सेवा दलाच्या कलापथकांनी हेच काम गाणी आणि नाटुकल्यांमधून गावोगाव नेलं. मराठी शिबिरांमध्ये आज खेळ, गाणी आणि गोलात बसणं हे जे ठरलेलंच असतं, त्याची मुळं मला बरीचशी तिथे दिसतात.

त्याच काळात, अमेरिकेत

आता थोडं दूर जाऊ, कारण 'ग्रूप ट्रेनिंग' नावाचा जो साचा आपल्याकडे आला, तो तिथे तयार झाला. कर्ट लेविन हा ज्यू मानसशास्त्रज्ञ. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये त्याने जर्मनी सोडली. १९४६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या न्यू ब्रिटन गावी त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक कार्यशाळा घेतली. तिचं काम काय होतं? वंश आणि धर्म यांवरून होणाऱ्या भेदभावाशी लढणाऱ्या कार्यकर्त्यांना तयार करणं. राज्याच्या आंतरवंशीय आयोगासाठी ती घेतलेली होती.

दिवसभर गटांमध्ये चर्चा चाले. संध्याकाळी संशोधक एकत्र बसून 'आज गटात कोण कसं वागलं' याच्या नोंदी वाचत. काही प्रशिक्षणार्थींनी विचारलं, आम्ही बसलो तर चालेल का? लेविनने बसू दिलं. आपल्याबद्दलची नोंद ऐकून एक बाई म्हणाल्या, असं झालंच नाही, माझ्या दृष्टीने वेगळं झालं. बैठक तापली आणि रंगली. पुढे बाकीचेही संध्याकाळी येऊन बसायला लागले. गटाने स्वतःकडेच बघायचं, आणि प्रशिक्षणार्थीने तज्ज्ञाला 'माझं ऐका' म्हणायचं, ही कल्पना तिथे जन्मली. फेब्रुवारी १९४७ मध्ये लेविन वारला. त्याच वर्षी त्याच्या सहकाऱ्यांनी मेन राज्यातल्या बेथेल इथे या पद्धतीचं केंद्र सुरू केलं आणि तिथून ती जगभर गेली.

कंपन्यांना ती आवडली. माणसं लवकर मिसळली तर काम लवकर होतं, हे त्यांना पटलं. हळूहळू पद्धत राहिली आणि तिच्यामागचा मूळ प्रश्न गळला. भेदभावाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कार्यशाळेतून निघालेली वाट हॉटेलच्या हॉलमधल्या 'टीम बिल्डिंग'पर्यंत पोचली. तिथून ती सरकारी प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात आली आणि वेळापत्रकातून आमच्या पंचायत समितीच्या सभागृहात.

जामखेडचा व्हॉलीबॉल

पण आमच्या जिल्ह्याला हे धडे बाहेरून शिकायची गरज नव्हती. पाथर्डीहून दक्षिणेला निघालं, मधला बीड जिल्ह्यातला आष्टी तालुका ओलांडला की पुन्हा आपलाच जिल्हा लागतो: जामखेड. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं तिथे आलं आणि त्यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावात शिरायचं कसं? आरोग्यावर भाषण ऐकायला कोण येणार? त्यांनी व्हॉलीबॉल आणला. एक जाळी, एक चेंडू, थोडी मोकळी जागा. संध्याकाळी तरुण खेळायला यायचे, वेगवेगळ्या जातींचे. खेळ झाला की तिथेच जमिनीवर बसून गप्पा. पाणी, पिकं, जनावरं, आजारपण. त्यातून गावोगाव शेतकरी मंडळं उभी राहिली. आइसब्रेकरचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला पुस्तकात सापडलेलं नाही. खेळ कुणालाही जमणारा, गप्पा खेळाला लागूनच, आणि गप्पांतून निघालेलं काम त्याच लोकांच्या हातात.

बायकांचं काम जास्त अवघड होतं. शिकलेल्या नर्स खेड्यात राहायला तयार नव्हत्या, म्हणून गावातल्याच बायकांना आरोग्य कार्यकर्ती म्हणून तयार करायचं ठरलं. अनेक जणी निरक्षर, बऱ्याच दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. प्रशिक्षणाला जामखेडला आलेल्या वेगवेगळ्या जातींच्या या बायकांनी एकत्र राहायचं, एकत्र जेवायचं, एकाच खोलीत झोपायचं. साताऱ्याच्या वसतिगृहाचा धडा इथे मोठ्या बायकांसाठी पुन्हा गिरवला गेला. आणि सुरुवात कुठून? औषधांच्या नावांपासून नाही. 'मी कोण' हे चारचौघांत मोठ्याने सांगण्यापासून. जिला आयुष्यभर कुणाची तरी सून, कुणाची तरी आई म्हणून हाक मारली, तिला स्वतःचं नाव उच्चारायलाच वेळ लागतो.

१९७२ च्या दुष्काळाच्या काळात या प्रकल्पाने हातपंप बसवले, ते शक्य तिथे दलित वस्तीत. पाणी हवं तर तिथे जायचं. ज्या रस्त्याने पिढ्यान्‌पिढ्या कुणी हंडा घेऊन गेलं नव्हतं, त्या रस्त्याने सगळं गाव जायला लागलं. आरोळ्यांना ठाऊक होतं की गोलात बसवून हसवलेली माणसं उद्या सकाळी पुन्हा वेगवेगळ्या विहिरींवर गेली, तर कालचं हसणं वाया गेलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये 'लोकांकडून आरोग्य' या विषयावर पुस्तक काढलं तेव्हा त्यात जामखेडची नोंद होती. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

अर्धा कोयता

आता परत पाथर्डीत. आमच्या तालुक्यातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे हजारो माणसं ऊस तोडायला जातात. कारखान्याच्या भाषेत नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. एकटा माणूस असला तर 'अर्धा कोयता'. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर. बाई पहाटे उठून भाकरी थापते, दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते. पण वहीत तिचं नाव नसतं. ती कोयत्याचा दुसरा अर्धा भाग असते.

या बायकांचं प्रशिक्षण घ्यायचं तर पावसाळ्यातच. टोळ्या निघून गेल्या की गावात म्हातारी माणसं आणि मुलंच राहतात. अशाच एका भाद्रपदातल्या बैठकीत 'नावाला विशेषण' हा खेळ चालू होता. सुंदर सुनीता, मेहनती मंगल, हसरी हिराबाई. दोन-तीन जणी रंगल्या. बाकीच्या पदराआडून एकमेकींकडे बघत होत्या. एका बाईची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, 'लिवा की काय बी.' शेजारणीने तिच्या वतीने तिच्या नवऱ्याचं नाव सांगून टाकलं.

तेव्हा मी विचारलं, 'आई तुम्हाला काय हाक मारायची?'

खोली शांत झाली. मग ती म्हणाली, 'ठकी.' हसू फुटलं, पण ते हसणं वेगळं होतं. कारण प्रत्येकीकडे असं एक नाव होतं. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहून मुलीचं जुनं नाव पुसायची रीत अजून पुरती गेलेली नाही. चाळिशी-पन्नाशीच्या कित्येक जणींचं पहिलं नाव माहेरच्या दोन-तीन माणसांशिवाय कुणाला माहीत नसतं. त्या दिवशी ती नावं एकेक करून बाहेर आली. कुणी शाळेत गेल्याचं सांगितलं, कुणी शाळा सुटल्याचं. माहेरच्या लाडक्या नावाला आडनाव जोडलेलं नसतं, म्हणून त्या फेरीत कोण कुठल्या आळीतली, हे वर आलंच नाही. दुपारी उचलीच्या हिशेबावर बोलायचं होतं. सकाळी 'लिवा की काय बी' म्हणणारीनेच पहिला प्रश्न विचारला: 'उचल दोघांची, तर सही एकाचीच का?'

आता मी प्रत्येक खेळाकडे तसं बघते. 'बोट बुडाली' घेतला की तिघींचे गट क्षणात होतात, आणि ते भावकीप्रमाणे होतात. वस्तीवरची एखादी बाई मध्यभागी एकटीच उभी राहते, आणि खेळाच्या नियमाने ती 'बाद' होते. हा खेळ घ्यायचाच तर एक-दोन-तीन असे आकडे देऊन गट पाडावेत, आणि बाद कुणालाच करू नये. दोरीच्या जाळ्यात चेंडू ओळखीच्याच हातात जातो, त्यामुळे 'जिच्याशी आजवर बोलला नाहीत, तिच्याकडे फेका' अशी अट घालावी लागते. पावसाच्या टाळ्या मात्र मला बिनशर्त आवडतात. आधी एका बोटाची टाळी, मग दोन, तीन, चार, आणि शेवटी पूर्ण तळवा. पत्र्याच्या सभागृहात खरोखर पाऊस आल्यासारखं वाटतं. तिथे नाव लागत नाही, अक्षरओळख लागत नाही, आणि सरपंचाच्या टाळीचा आवाज मोलकरणीच्या टाळीहून मोठा येत नाही. आमच्या तालुक्यात पावसाचा आवाज ऐकून कुणीही खुलतंच.

जेवणाच्या सुट्टीत बघा

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना कॉलेजच्या शिबिरात, कंपनीच्या इंडक्शनमध्ये, एखाद्या संस्थेच्या बैठकीत कधी ना कधी हे खेळ घ्यावे लागतील. यादी मोबाइलवर मिळेलच. ती उघडण्याआधी खोलीत तीन गोष्टी बघून घ्या. खुर्चीवर कोण आणि सतरंजीवर कोण? आडनाव सांगितल्यावर कुणाचा आवाज बारीक होईल? आणि जिने सगळ्यात कमी बोलावं असं या खोलीतल्यांना वाटतं, ती कोण? मग असा खेळ निवडा, ज्यात तिच्या वाट्याला पहिला डाव येईल आणि हरण्याची भीती नसेल.

खेळ जमला की नाही, हे टाळ्यांवरून किंवा फोटोंवरून ठरवू नका. फोटोत सगळेच हसत असतात. जेवणाची सुट्टी होऊ द्या. डबे कुठे कुठे उघडतात ते बघा. गोल तसाच राहिला की भिंतीकडेने पुन्हा जुने गट बसले? कुणाच्या डब्यातली चटणी कुणाच्या भाकरीवर गेली? शेवटी कप कुणी विसळले? तिथे जे दिसेल, त्यावरून दुपारचा पहिला खेळ ठरवायचा.